खड्डे भरणाऱ्यांची नावं

आज सकाळी खिडकी उघडली आणि दिवसाचा पहिला श्वास धुराचा आला. हेझ परत आलाय. समुद्रापलीकडे, शेजारच्या देशात, कुणीतरी जंगल पेटवतं, खालची काळी दलदलीची जमीन आठवडेच्या आठवडे धुमसत राहते, आणि वारा फिरला की ते सगळं जळकं इथे सिंगापुरात आमच्या बाल्कनीत येऊन बसतं. समोरचा ब्लॉक अर्धाच दिसतो. दोरीवरच्या चादरींना राखेचा वास. लोक फोनवर हवेचा आकडा बघतात, मास्क घेतात, खिडक्या बंद करून एसी लावतात. तुआसच्या जहाजबांधणी यार्डात ज्यांना दिवसभर उघड्यावर लोखंड कापायचंय, ते काय बंद करतात, हे कुणी विचारत नाही. मी विचारते. त्यामुळे मला जेवायला फार लोक बोलावत नाहीत.

पण या वासानं मला आधी तुआस आठवत नाही. आठवतं एक गाव, जे मी कधी पाहिलेलं नाही. आयर्लंडमधलं, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर भागाच्या सीमेला अगदी चिकटलेलं. एक रस्ता, एक चर्च, डेअरी, पंचवीस-तीस घरं, आणि एक दुकान, ज्यात पुढे किराणा, मधे दारू आणि मागे शवपेट्या मिळायच्या. एका शेतकऱ्याचं स्वयंपाकघर एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात. गावाचं नाव मला पाठ आहे. इथे लिहिणार नाही. या लेखातल्या कुणाचंच खरं नाव मी लिहिणार नाही, आणि ते भित्रेपणानं नाही.

ते गाव मला दाखवलं नुआला काकूंनी, इथल्या तोआ पायोह भागात, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून. काकू जन्मानं आयरिश. नर्सिंग शिकायला लंडनला गेल्या, तिथे आमचे काका भेटले. काका जहाजांचे इंजिनिअर, गाव मिरजेच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. काकू मराठी शिकल्या सासूबाईंकडून, चुलीपुढे बसून. त्यामुळे इथल्या मराठी मंडळात पुण्या-मुंबईच्या बायका "इश्श, किती ऑथेंटिक" म्हणत त्यांच्याकडे बघत राहतात. गोरी, निळ्या डोळ्यांची बाई, आणि तोंड उघडलं की, "काय गं, लई वाळलीस. खातीस का न्हाई?"

काका गेल्यावर त्यांचं जेवणाचं टेबल मी बळकावलं. दोन हजार पंधराचं ते वर्ष. मी चोवीसची होते. पुण्यातल्या कॉलेजातून चार वर्षं पत्रकं लिहून, वाटून, त्यासाठी पोलीस चौकीत बसून परत आई-बाबांकडे सिंगापूरला आले होते. दिवसा जुरोंग ईस्टला एका ऑफिसात कोड तपासायचा, आणि शनिवार-रविवार तुआसच्या कामगारांसाठी धडपडणाऱ्या चार-पाच जणांच्या गटात. बाबा बँकेत. ते म्हणायचे, "अगं, आपण इथे पाहुणे आहोत." मी म्हणायचे, "पाहुण्यांना लॉरीच्या मागे गुरांसारखं उभं करून नेतात का हो?" बाबा पेपर उघडायचे.

पत्रक कसं लिहायचं, हे मला पुण्यात एका दादानं शिकवलं होतं. तो म्हणायचा, "नाव, गाव, दिवस. या तीन गोष्टी नसतील तर ते पत्रक नाही, शाळेतला निबंध आहे." मी ते रक्तात भिनवून घेतलं होतं.

त्या वर्षीच्या हेझमध्ये तुआसच्या यार्डातल्या एका कामगाराचा, सेल्वमचा, पाय गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, पण गुडघ्याखाली हाडांचा चुरा झाला. क्रेनची सैल झालेली पट्टी तुटली आणि पोलादी पत्रा आडवा खाली आला. धूर एवढा होता की खालच्यांना तो येताना दिसला नाही. कंपनीनं कागदावर लिहिलं, की हा इसम सुटीच्या वेळी डॉर्मिटरीच्या न्हाणीघरात घसरला. न्हाणीघर! म्हणजे ऑपरेशनचा खर्च आमच्यावर नाही, आणि याला तसाच प्लॅस्टरमध्ये विमानात बसवून घरी धाडायला आम्ही मोकळे. सेल्वमकडे वेळ थोडा होता. डॉक्टर म्हणाले होते, पाय लवकर उघडून जोडला नाही तर कापावा लागेल.

त्याच्या बाजूनं बोलायला तयार झालेला माणूस एकच. त्याला मी इथे राजन म्हणते. सेल्वमच्या खोलीतला, वरच्या बंकवर झोपणारा, बारीक, हसरा. म्हणाला, "अक्का, मी पाहिलं. मी सांगतो. पत्रा पडला, न्हाणीघर नाही."

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. माझ्या हातून आजवर उतरलेलं सगळ्यात चांगलं पत्रक, असं तेव्हा वाटलं. न्हाणीघराच्या थापेची सालं सोलली होती. आणि शेवटी चौकटीत, ठळक: धाडसी साथी राजन, अमुक गावचा, अमुक डॉर्मिटरी, अमुक ब्लॉक, याला सलाम. प्रत्येकानं राजन व्हावं. एका मित्रानं तमिळ केलं, दुसऱ्यानं बंगाली.

शनिवारी दुपारी काकूंच्या टेबलावर गठ्ठे आले. खिडक्या बंद, पंखा घरघरतोय, बाहेर सूर्य म्हणजे तांबडी टिकली. काकूंनी चष्मा लावला, इंग्रजी कागद वाचला, परत वाचला.

"नाव कशापायी घातलंस?"

"कारण तो शूर आहे, काकू."

"म्हणून तर इचारते."

मी घड्या घालत होते. अंगठ्यानं कडा दाबायची, पुढचा कागद. काकू काहीच करत नव्हत्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हा धूर घशाला धरतो न्हवं, तसाच तो गॅस धरायचा. आमच्या रस्त्यावर."

आणि त्यांनी तो रस्ता सांगितला.

हद्दीवरचे लहान रस्ते ब्रिटिश लष्करानं सुरुंग लावून उडवले, तो काळ. पलीकडून हत्यारं येतात म्हणून. काकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या. पहाटे घर हललं, फडताळातल्या बशा खाली आल्या, गाभण गाय त्या धक्क्यानं वेळेआधी व्याली आणि वासरू मेलं. बाहेर येऊन बघतात तर रस्त्याच्या जागी खड्डा, एक ट्रक उभा मावेल असा. अलीकडे घर, पलीकडे चर्च आणि डेअरी. रोजचं दूध घालायला जिथे पाच मिनिटं लागायची तिथे आता आठ मैलांचा वळसा, बंदूक रोखलेल्या चौकीतून. "आमच्या सासरीबी शीवच की," काकू म्हणाल्या. "पलीकडं कर्नाटक. पर तितं कुणी रस्ता उडवत न्हाई. भांडत्यात, पाट्यांना डांबर फासत्यात, आन् संध्याकाळी एकाच गुऱ्हाळावर बसत्यात."

मग गावानं काय केलं? मोर्चा नाही, अर्ज नाही. रविवारी चर्चमधून बाहेर पडले, घरी जाऊन चांगले कपडे उतरवले आणि ट्रॅक्टर काढले. आपापल्या शेतांचे दगडी बांध फोडून दगड आणले. बाया बादल्यांतून वाळू. मास्तर, पाद्री, शवपेट्या विकणारा तो दुकानदार, सगळे खड्ड्यात. ट्रॅक्टरांच्या नंबरपाट्यांवर शेण थापलेलं, म्हणजे कुंपणाआडच्या सैनिकांना फोटोत नंबर सापडू नये. अश्रुधुराची नळकांडी यायची, रबराच्या गोळ्या यायच्या. एका बाईचा जबडा मोडला, तिनं बादली सोडली नाही. अंधार पडेपर्यंत रस्ता तयार. दूध डेअरीत. आणि आठ-दहा दिवसांत परत सुरुंग, परत खड्डा, परत रविवार.

"असं किती वेळा?"

"मोजायचं न्हाई, असं ठरलं व्हतं."

अजून एक ठरलं होतं. कोण आलं होतं, ते कधीच कुणी बोलायचं नाही. सोमवारी दुकानात एखाद्यानं विचारलं, काल तो लाल ट्रॅक्टर कुणाचा होता, तर उत्तर, "कुठला ट्रॅक्टर?" विचारणारा सख्खा मेव्हणा असला तरी.

"आन् मग एक पेपरवाला आला," काकू म्हणाल्या. "शहरातनं. भला माणूस. आमच्या बाजूचा. त्यानं लई चांगलं लिव्हलं. शूर गाव, शूर माणसं. आन् नावं छापली. सातजणांची. पयलं नाव आमच्या दादाचं."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. पुढच्या आठवड्यात गोठ्यात धार काढत होता. तोंडं झाकलेली चार माणसं आली. कोणाची, ते त्या गावात आजही कुणी सांगणार नाही. त्यांनी दादाच्याच घरातला दगड फोडायचा हातोडा घेतला. त्याचे हात बांधावर पसरून धरले. एकेक बोट. काकूंनी घरातून ऐकलं. म्हणाल्या, आवाज ओरडण्याचा नव्हता. दगडावर दगड आपटावा तसा होता, आणि मधेमधे म्हशीसारखा एक हुंकार.

"म्हशीसारखा," त्या परत म्हणाल्या. त्यांना दुसरा शब्द मिळाला नाही, मराठीतही आणि बहुतेक इंग्रजीतही.

मी संतापले. मला संतापायला फार वेळ लागत नाही. टेबलावर हात आपटून म्हटलं, "त्या पत्रकाराला नावं दिली कुणी? ज्यानं दिली ना काकू, त्याला चौकात उभं करायला हवं होतं गावानं. फितूर नाही तर मूर्ख, दोन्हीला शिक्षा एकच!"

काकूंनी फोनशेजारचा काळा मार्कर उचलला, गठ्ठ्यातलं वरचं पत्रक ओढलं आणि राजनच्या नावावर काळी पट्टी मारली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. कागदावर मार्करची चिरचिर.

"काकू, काय करताय? छापून झालंय!"

"दोघी बसलो तर रातच्याला व्हईल."

"तुम्ही ज्या काळाबद्दल बोलताय तो गेला. हे सिंगापूर आहे. इथे रस्त्यात थुंकायला लोक घाबरतात. आणि नाव खोडलं की पत्रकातला जीवच जातो. त्यानं स्वतः हो म्हटलंय."

"त्यो हो म्हनल. शूर हाय न्हवं."

मी त्यांच्या हाताखालून गठ्ठा ओढून घेतला. ओढताना मार्करची लांब रेघ त्यांच्या मनगटावर उमटली. ती मला आजही दिसते. त्यांनी खोडलेली पत्रकं तेवढी टेबलावर राहिली, बाकी सगळी मी रविवारी तुआसला वाटली. धुरात, मास्क लावून, छाती फुगवून. राजनला पहिली प्रत दिली. त्यानं आपलं नाव बोटानं चाचपलं. फोटो काढून गावी पाठवला. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

बुधवारी दुपारी त्याच्या खोलीतल्या एकाचा फोन आला. मी ऑफिसातून जिना उतरले, टॅक्सी पकडली. टॅक्सीवाले अंकल म्हणाले, "गर्ल, तुआस नाऊ? सो स्मोकी लाह." मी त्यांच्यावरही ओरडले, फास्ट, फास्ट.

उशीर झाला होता. तीन माणसं आली होती. टोप्या, टी-शर्ट, कंपनीचा बिल्ला. बॅग भर म्हणाले. राजन म्हणाला, मला साक्ष द्यायचीय. तेव्हा एकानं त्याचंच हेल्मेट बंकवरून घेतलं, ज्यावर सुरक्षा प्रथम असं चिकटवलेलं असतं ते, आणि त्याच्या तोंडावर हाणलं. परत हाणलं. त्यानं बंकचा लोखंडी खांब धरून ठेवला, म्हणून कोपरावर हाणलं. खोलीत बारा माणसं राहायची. तेव्हा रात्रपाळीचे चौघे होते. चौघे भिंतीला चिकटून उभे. त्यातल्या एकानं मला नंतर सांगितलं, "अक्का, त्यांच्या हातात तुमचा कागद होता. वाचून वाचून विचारत होते, राजन कोण, ब्लॉक कुठला."

माझा कागद. नाव, गाव, ब्लॉक. त्यांना शोधायलासुद्धा लागलं नाही.

मी फाटकाशी पोचले तेव्हा व्हॅन बाहेर पडत होती. मागच्या काचेत राजन. खालचा ओठ दुभंगून हनुवटीवर आलेला, पुढचे दात नाहीत, शर्ट छातीपर्यंत लाल. त्या लाल शर्टाच्या खिशातून पत्रकाची पांढरी कड दिसत होती. त्यानं मला पाहिलं. मला वाटलं, तो आता शिवी देईल, थुंकेल, काहीतरी. त्यानं फक्त हात वर करून तोंड झाकलं, मला दिसू नये म्हणून. मी व्हॅनमागे धावले. हेझमध्ये धावलं की छाती फाडून आत कुणीतरी तिखट ओतल्यासारखं होतं. वळणापर्यंत धावले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. रात्रीच्या विमानानं त्याला पाठवलं.

तिथून मी तोआ पायोहला गेले. घरी नाही. बाबांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. काकूंनी दार उघडलं, मला बघितलं, आणि काही न विचारता बाजूला झाल्या. मी सगळं सांगितलं. वाट बघत होते, त्या म्हणतील, तुझा दोष नाही गं. त्या म्हणाल्या नाहीत. पाणी दिलं. टेबलाची कड नखानं खरवडत बसल्या.

मग म्हणाल्या, "इचारलं व्हतंस न्हवं, नावं दिली कुणी. म्या दिली."

पंखा घरघरत होता.

"त्या पेपरवाल्यानं मला गाडीतनं घरी सोडलं. पाऊस व्हता. कोट लई झ्याक व्हता त्याचा. म्हनला, तुमच्या गावातल्या माणसांची नावं जगाला कळायला पायजेत. मला वाटलं, खरंच की. माझ्या दादाचं नाव छापून येऊंदे. एकोणीस वर्सांची व्हते. एकेक नाव सांगितलं. अक्षरं फोडून सांगितली, चुकू न्हये म्हणून."

माझं शनिवारचं वाक्य त्या खोलीतच होतं. चौकात उभं करायला हवं होतं. फितूर नाही तर मूर्ख. ते वाक्य परत घेता येत नव्हतं, आणि आता ते एकट्या त्यांना लागूही नव्हतं.

"दादाला सांगितलंत?"

"त्यानं कदी इचारलं न्हाई. त्याला ठाव असंल, नसंल. पुढच्या रविवारी दोन्ही हात गळ्यात बांधून आला. बुटानं माती ढकलत व्हता खड्ड्यात. म्या बी गेले. त्यो एका टोकाला, म्या दुसऱ्या. नखं निघाली तरी थांबले न्हाई. दुसरं काय करू?" त्या उठल्या. "रडून झालं आसंल तर त्या पोराच्या पायाचं बघ. त्यो पाय अजून हाय न्हवं?"

पाय होता. दिवस थोडे राहिले होते.

त्या रविवारी काकू माझ्याबरोबर तुआसला आल्या. पासष्टीकडे झुकलेली बाई, तोंडाला मास्क, डॉर्मिटरीसमोरच्या फुटपाथवर पेपर पसरून बसली. पिशवीत डबाभर थालीपीठं आणि चहाचा थर्मास. मला सक्त ताकीद, "पेन काढायचं न्हाई. वही न्हाई. फोन बॅगेत." मुलं यायची, बिचकत. त्यांच्याशी काकू एवढंच बोलायच्या, "ईट, ईट." दुसऱ्या चहाला एकजण हळूच म्हणाला, अम्मा, सेल्वमला मी उचलला होता. पाय लोंबत होता. मग आणखी एक. पत्रा पडला तेव्हा सगळी शिफ्ट तिथेच होती हो, सगळ्यांनी मिळून त्याला उचलून लॉरीत घातला होता! राजन एकटा शूर नव्हता. मी त्याला एकटा केला होता, चौकट आखून, ठळक अक्षरांत.

शुक्रवारी नऊजण कामावर न जाता कामगार खात्याच्या सरकारी खिडकीसमोर उभे राहिले. एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "विच वन सॉ?"

नऊ गळे म्हणाले, "ऑल, मॅडम."

"कॅनॉट बी ऑल, लाह."

"ऑल, मॅडम."

सेल्वमचं ऑपरेशन कंपनीच्या खर्चानं झालं. लंगडतो, पण स्वतःच्या पायावर लंगडतो. त्या नऊजणांना कंपनीनं वर्षभर छळलं, पण व्हॅनमध्ये घालता आलं नाही. नऊ माणसांना न्हाणीघरात कसं घसरवणार? राजन मात्र परत आला नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी लिहिते, दोन निळ्या टिक्स उमटतात. वाचतो. उत्तर देत नाही. चार वर्षं झाली. मला त्याच्याकडून माफी नको आहे. खरं सांगायचं तर हवी आहे, पण मागायचा हक्क नाही. मी अजून पत्रकं लिहिते. आधीच्यापेक्षा कडक लिहिते. मालकाचं वागणं, मशीनचं मॉडेल, तुटलेली पट्टी, सगळं लिहिते. माणसाच्या नावापाशी आले की अजूनही हात तिकडे वळतो, आणि मला मनगटावरची काळी रेघ दिसते.

आणि आता परत हेझ. परत तो तांबडा सूर्य. टीव्हीवर सुटाबुटातली माणसं नकाशावर बोट फिरवत आयर्लंडमधल्या त्याच हद्दीबद्दल भांडतायत, ब्रेक्झिट झाल्यावर तिचं काय करायचं म्हणून. आत, बाहेर, चौकी, कॅमेरे, तपासणी. काकूंचा तो रस्ता आता डांबरी आहे. सीमा कुठे लागते ते फोनवर संदेश आला तरच कळतं म्हणे. डांबराखाली शेतांचे बांध आहेत, हे त्या नकाशावर दिसत नाही.

आज दुपारी काकूंचा फोन आला, "पिशव्या उचलायला ये." तोआ पायोहच्या बाजारात ते हार्डवेअरचं जुनं दुकान आहे, तिथे उभ्या होत्या. काउंटरवर कामगारांचे हातमोजे, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. ढीगच.

दुकानदार अंकल म्हणाले, "आँटी, सो हेझी, यू डू गार्डनिंग, आह?"

"नॉट गार्डनिंग लाह. रोड वर्क."

अंकल खो खो हसले. मी हसले नाही. काकूंच्या पर्सच्या तोंडाशी आयर्लंडच्या विमानाच्या तिकिटाची प्रिंट दिसत होती.

"काकू, अजून कुणी काही खणलेलं नाही. नुसती बडबड चाललीय."

"खणलं तर? तवा हातमोजे कुठनं आणू? हितं सस्तं मिळत्यात." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी जोडी बी घेतलीय. यायचं का न्हाई ते तू बघ."

अंकल जोड्या मोजायला लागले. काकूंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "डोन्ट काउंट, अंकल. फुल बॉक्स. जस्ट फिल."

पिशवी भरली. तेवढ्यात काकू मागच्या मांडणीकडे गेल्या आणि हुकावरची एक वेगळी जोडी काढून आणली. सगळ्यात मोठा साइज, ढगळ, मऊ. बोटं न वळवता, हात सरळ आत सरकवता येईल अशी. ती त्यांनी बाकीच्यांत टाकली नाही, पर्समध्ये घातली.

कुणासाठी, असं मी विचारलं नाही.